एका पाण्याच्या दोन बाटल्या

१

मंगळवारी सकाळी टाकी मेली, असं सगळे म्हणत होते.

टाकी काँक्रीटची. ती कशी मरेल? मेले होते ते तिच्यातले जीव. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, कोट्यवधी. शहरभरचं सांडपाणी टाकीत यायचं, ते जीव त्यातली घाण खायचे आणि निवळलेलं पाणी तळ्यात जायचं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, म्हणून कुणाला त्यांची आठवणही नव्हती. त्या मंगळवारी ते एकजात गेले. न खाल्लेली घाण तशीच तळ्यात उतरली. दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगले, तिसऱ्या दिवशी नळ बंद झाले, आणि चौथ्या दिवशी शहराने गुन्हेगार नक्की केला. टाकीवरचे अण्णा.

पाचव्या दिवशी दुपारी अण्णांची मुलगी बाईंच्या दारात उभी राहिली. अंगावर परिचारिकेचा पांढरा गणवेश, डोळ्यांखाली काळं.

"बाई, ओळखलंत?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. पाण्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून त्या निवृत्त झाल्या त्याला बारा वर्षं झाली होती. पण नोकरीत असताना दर रविवारी त्या मुलांना विज्ञान शिकवायच्या, आणि ती मुलं त्यांना आजही तोंडपाठ होती.

"तिसऱ्या रांगेत बसायचीस. पेन्सिल चावून चावून निम्मी करायचीस. ये."

मुलगी हसायला गेली आणि रडली.

"अण्णा पाच दिवस बोलत नाहीत. सोमवारी चौकशी समिती बसतेय. नोकरी तर जाणारच, वर खटला भरणार म्हणतात. दारावर लोक थुंकून जातात, बाई. ठपका काय, तर रात्रभर ब्लोअर बंद ठेवून झोपले, हवा मिळाली नाही म्हणून जंतू मेले. टाकीची नोंदवहीसुद्धा खोटी म्हणून घेऊन गेले. त्यांनी बंद केला नव्हता!"

"कशावरून?"

"माझे वडील आहेत ते."

"हा पुरावा नव्हे, बाळ."

मुलीने नाक पुसलं आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बुचाच्या दोन काचेच्या बाटल्या. दोन्हींवर अण्णांच्या गोल अक्षरात एकच तारीख आणि एकच वेळ: सकाळी सहा पन्नास.

"कपाटात कपड्यांच्या मागे ठेवल्या होत्या. एकाच टाकीतलं, एकाच वेळचं पाणी."

बाईंनी त्या खिडकीच्या राखाडी उजेडात धरल्या. एका बाटलीतलं पाणी फिकट होतं. दुसरीतलं कोऱ्या चहासारखं काळपट.

२

अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या. टेबलावर एक जुना सूक्ष्मदर्शक होता, बाईंनीच प्रयोगशाळेच्या अडगळीतून काढून त्यांना दिलेला. अण्णा फार शिकलेले नव्हते, पण रोज सकाळी टाकीतला एक थेंब त्याच्याखाली पाहिल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. देठावर डुलणारे घंटेच्या आकाराचे जीव उघडे दिसले, की म्हणायचे, "लेकरं जेवतायत."

बाईंनी खुर्ची ओढली. गुडघा कुरकुरला.

"अण्णा, या दोन बाटल्या वेगळ्या का भरल्यात?"

बाईंनी टॉवेल उलगडून दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"मीच सांगते, चुकलं तर थांबवा. प्रयोगशाळेकडे पाठवायची बाटली गळ्यापर्यंत भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, असं मी तुम्हाला शिकवलं होतं. ती ही फिकट. आणि तुमच्या स्वतःच्या भिंगासाठी तुम्ही अर्धीच घेता, कारण आतले जीव गुदमरू नयेत. ती ही काळी."

अण्णांची मान किंचित हलली. हो.

बाई बराच वेळ त्या दोन बाटल्यांकडे पाहत राहिल्या. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी. दुसरी आली तेव्हा त्यांनी बाटल्या हलकेच पुन्हा टॉवेलात गुंडाळल्या. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

मुलीने चौकशीचा अहवाल पुढे केला. ब्लोअर बंद होता असं मत प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुखाचं होतं, मंगळवारी स्वतः टाकीवर जाऊन दिलेलं. बाई मात्र थांबल्या त्या शेवटच्या पानाशी. तिथे नमुने गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याने मंगळवारी अकरा वाजता दोन ओळी लिहिल्या होत्या: गाळ तपकिरी. कुजका वास नाही, औषधासारखा मंद वास.

"रात्रभर हवा बंद असती तर गाळ काळा पडला असता," बाई म्हणाल्या, "आणि सडक्या अंड्यांच्या वासाने त्या माणसाला नाक धरावं लागलं असतं. ब्लोअर चालू होता. हे प्रमुखाच्याच अहवालात लिहिलंय."

"मग अण्णा सुटले!"

"इतक्यात नाही. मग मारलं कुणी, असं विचारतील. तेव्हा उत्तर लागेल."

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. पाच दिवस न वापरलेला, गंजलेला.

"बाई, मी हवा उलट वाढवली होती. घंटा मिटायला लागल्या म्हणून सात वाजता पूर्ण सोडली." अण्णा थांबले. "नऊला सगळं शांत झालं."

३

रविवार असूनही प्रयोगशाळा उघडी होती. संकटाच्या काळात सुट्टी कसली. बाईंच्या जुन्या खोलीत आता संगणक होते आणि त्यांच्यासमोर तिशीची एक तरुणी बसली होती. तिला सगळे आकडेवाली म्हणायचे. कारखान्यांना जी रसायनं सांडपाण्यात सोडायची असतील, ती टाकीतल्या जीवांना किती विषारी ठरतील याचा अंदाज ती बांधायची. बहुतेक रसायनं फिनॉलच्या कुळातली असत.

"मंगळवारी सकाळी सातच्या आधी टाकीत कुठलं पाणी आलं?" बाईंनी विचारलं.

"सहाला रंगाच्या कारखान्याचं. त्यांनी नवीन फिनॉल वापरायला घेतलंय. पण परवानगी आहे हो त्यांच्याकडे! मी स्वतः आकडा काढला." तिने पडदा बाईंकडे वळवला. "उणे शून्य पूर्णांक बहात्तर. शून्याच्या खाली म्हणजे सौम्य, वर म्हणजे जहाल. तुम्हाला मी काय सांगणार!"

"सांग ना. म्हातारीला उजळणी होईल."

"जंतूची कातडी तेलकट असते. जे रसायन तेलात जास्त मुरतं, ते कातडीतून आत शिरतं. म्हणून प्रत्येक फिनॉल तेलाकडे किती ओढलं जातं तो आकडा घ्यायचा, सूत्रात घालायचा, की विषारीपणा येतो. याची तेलओढ फक्त शून्य पूर्णांक साठ."

"आणि सूत्र चुकलं तर?"

"म्हणून तर जिवंत चाचणी असते. नियमच आहे, अंदाज एकाने करायचा आणि चाचणी दुसऱ्याने. माझ्याकडे अंदाज. चाचणी प्रमुख साहेब स्वतः करतात, जंतू उबेत वाढवायच्या इनक्युबेटरच्या खोलीत. किल्ली त्यांच्याकडेच असते."

दारात कारखान्याचा व्यवस्थापक उभा होता. घामेजलेला, हातात परवानगीचा कागद.

"माझ्यामागे का लागताय सगळे? हे बघा, अंदाज उणे बहात्तर, चाचणी उणे पासष्ट. दोन्ही शून्याखाली! दिलेल्या मापापेक्षा एक थेंब जास्त सोडला असेन तर मला टाकीत बुडवा."

"कोणतं फिनॉल ते?" बाईंनी विचारलं.

"आधी मधलं वापरायचो. आता समोरचं घेतलंय. वजन तेच, अणू तेच. रंग चांगला चढतो."

बाईंनी डोळे मिटले.

व्यवस्थापक गेल्यावर त्यांनी चाचण्यांची चालू नोंदवही पाहायला मागितली. आकडेवालीने दाराकडे पाहिलं, मग पटापट पानांच्या प्रती काढल्या.

"घेऊन जा. पण मी दिल्या म्हणू नका, बाई. मला घर चालवायचंय."

"बरं. आणि जंतूंना खाऊ कधी मागवलास शेवटचा?"

"खाऊ?"

"जिवंत चाचणीला जंतू पाळावे लागतात. त्यांना महिन्याला एक बरणी खाऊ लागतो."

आकडेवाली हळूच म्हणाली, "मी इथे आल्यापासून तर खाऊ आलेला नाही."

"आणि तू कधी आलीस?"

"चौदा महिने झाले."

४

संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात अण्णांची मुलगी आणि बाई समोरासमोर बसल्या. दिवा पिवळा आणि मिणमिणता होता. बाईंनी टेबलावर सहा कप गोल मांडले.

"रविवारी तुम्हाला रिंगणात उभं करायचे, आठवतं?"

"सहा जणांनी हात धरायचे. दोघांच्या डोक्यावर लाल टोपी."

"तेच हे. फिनॉल म्हणजे सहा अणूंचं असंच रिंगण." बाईंनी दोन कपांत चमचे ठेवले. "दोन टोप्या शेजारी शेजारी, किंवा मध्ये एक सोडून, किंवा अगदी समोरासमोर. तीन भावंडं. वजन सारखं, तेलओढ जवळजवळ सारखी. त्यामुळे सूत्राला तिघं सौम्यच वाटतात. पण टोप्या शेजारी किंवा समोरासमोर असल्या, तर हवेने ते रसायन बदलतं आणि नवीन रूपात जंतूच्या आतल्या यंत्रणेलाच जाऊन चिकटतं. अंदाजाच्या दहापटीहून जास्त जहाल. मध्ये एक सोडून असेल तर हे होत नाही."

"म्हणजे कारखान्याने मधलं सोडून समोरचं घेतलं..."

"...आणि सूत्राला फरक दिसला नाही. आकडेवालीचा दोष नाही. सूत्राला दिसत नाही ते पाहायलाच जिवंत चाचणी असते. एक थेंब, दोन दिवस, आणि जंतूंनी स्वतः सांगितलं असतं."

"पण चाचणी झालीय ना? उणे पासष्ट."

"ते आता बघायचं."

बाईंनी नोंदवहीच्या प्रती आणि पेन्सिल घेतली. एकसष्ट रसायनं. प्रत्येकापुढे तेलओढ, अंदाज आणि चाचणी. दोन्ही आकडे थोडे वेगळे, कुठे सात शतांशांनी, कुठे वीस. कुणालाही खरेच वाटावेत असे.

"जिवंत प्राणी कधी इतके आज्ञाधारक नसतात," त्या पुटपुटल्या. "एखादा तरी हट्टी निघतोच."

मधल्या भावंडाची तेलओढ ऐंशी शतांश. चाचणी उणे पन्नास. बाईंची पेन्सिल थबकली. त्यांनी ऐंशीची पाऊणपट केली. साठ. त्यातून एक पूर्णांक दहा शतांश वजा केले. उणे पन्नास.

पुढचं रसायन. तेलओढ दोन पूर्णांक चाळीस. पाऊणपट एक ऐंशी. वजा एक दहा. चाचणीत लिहिलं होतं सत्तर शतांश.

पुढचं. त्याच्या पुढचं. एकसष्टच्या एकसष्ट.

"बाई, काय झालं?"

"पाऊणपट करा, एक दहा वजा करा. हे आकडेवालीचं सूत्र नाही. तिचं वेगळं आहे, नवीन." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे माझं आहे. तीस वर्षांपूर्वीचं. मी ते कधी छापलं नाही. एका जाड कार्डावर लिहून एकाच माणसाला दिलं."

५

सोमवारी सकाळी, समिती बसायच्या तासभर आधी, बाई प्रमुखाच्या खोलीत शिरल्या. तो उठून उभा राहिला. पन्नाशीला आलेला, केस विरळ, पण बाईंना तो अजूनही प्रत्येक प्रश्नाला दोन्ही हात वर करणारा चिमणच दिसायचा. रविवारच्या वर्गातलं ते त्याचं टोपणनाव होतं.

"बाई! सांगितलं असतंत तर गाडी पाठवली असती. गुडघा कसा आहे?"

"बस, चिमण. इनक्युबेटर दाखवतोस का?"

त्याचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"तिथे काही नाही बघायला."

"तेच बघायचंय मला. काही नाही ते."

बाईंनी नोंदवहीच्या प्रती टेबलावर ठेवल्या, आणि प्रत्येक चाचणीपुढे पेन्सिलीने केलेला हिशोब. त्याने पहिल्या तीन ओळी पाहिल्या आणि चष्मा काढला.

"मला वाटलं होतं, जगात कुणाला ओळखू येणार नाही."

"मला आलं. कार्ड कुठाय?"

ते टेबलाच्या काचेखालीच होतं. पिवळं पडलेलं, बाईंच्याच अक्षरातलं. सूत्र स्वच्छ दिसत होतं. त्याच्या खालच्या कडेवर टाचणवह्यांचा गठ्ठा ठेवलेला होता.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी उन्हाळ्यात इनक्युबेटर बिघडला. सुट्टीवरून आलो तर जंतू मेलेले. नवीन आणून वाढवायला महिना लागला असता आणि बारा अहवाल अडकले होते. म्हटलं, एक आकडा लिहू, तेवढ्यात जंतू येतील. काहीच झालं नाही, बाई. मग दुसरा लिहिला. मग..." त्याने हात पसरले. "मग लिहिणं हीच चाचणी झाली. आकडेवालीचं सूत्र वापरलं असतं तर दोन्ही आकडे एकच आले असते. म्हणून तुमचं घेतलं."

"ते सगळं मी समजू शकते. कंटाळा, भीती, उद्या करू. माणसं अशीच घसरतात. पण मंगळवारी तू टाकीवर गेलास आणि पाणी चहासारखं पाहिलंस. तेव्हा तुला कळलं."

"नाही, बाई. तिन्ही भावंडांचा आकडा सारखाच येतो. मला कसं कळणार?"

"तू नऊ वर्षांचा होतास," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "सहा जणांचं रिंगण होतं. पहिली लाल टोपी खिडकीपाशी. दुसरी तिच्या बरोब्बर समोर. ती कुणाच्या डोक्यावर होती?"

बाहेर व्हरांड्यात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. समिती जमत होती.

"माझ्या," तो म्हणाला.

"आणि तरी तू लिहिलंस, अण्णांनी ब्लोअर बंद ठेवला."

"मला दोन मुलं आहेत, बाई."

"त्यांनाही एक आहे."

बाईंनी गठ्ठा बाजूला सरकवला. कार्डाच्या अगदी तळाशी, सूत्राहून निम्म्या अक्षरात, एक ओळ होती: *टोप्या शेजारी किंवा समोरासमोर असतील तर हे सूत्र चालत नाही.*

त्या ओळीकडे बाई बराच वेळ पाहत राहिल्या. इतकी महत्त्वाची गोष्ट त्यांनी इतक्या बारीक अक्षरात, इतक्या खाली का लिहिली होती? जागा उरली नव्हती म्हणून. एवढंच कारण होतं.

"आत जा आणि स्वतः सांग," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर तू पकडला जाशील. तू सांगितलंस तर निदान उत्तर दिल्यासारखं होईल."

तो उठला. दारापाशी सवयीने त्याचा एक हात वर्गातल्यासारखा किंचित वर गेला, आणि खाली आला.

६

अण्णांवरचा ठपका दुपारीच निघाला. मुलगी बातमी घेऊन धावत आली, तिने सगळ्या खिडक्या उघडल्या, पण आत आला तो ढगाळ उजेडच. तळ्यावरचा वास अजून गेला नव्हता. तो जायला महिने लागणार होते.

अण्णांनी समोर बसलेल्या बाईंकडून सगळं नीट ऐकून घेतलं. इनक्युबेटर, कार्ड, टोप्या. मग टॉवेलातल्या दोन बाटल्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

याच क्षणाला बाई तीन दिवस भीत होत्या. त्यांनी अण्णांना पाहायला शिकवलं होतं, आणि अण्णा चांगले विद्यार्थी होते.

"ही गळ्यापर्यंत भरलेली," अण्णा हळूहळू म्हणाले. "हिच्यात हवा नाही. ही फिकटच राहिली."

"हो."

"हिच्यात हवा होती. ही काळी झाली."

"हो, अण्णा."

"म्हणजे सहाला आलं ते अजून पुरतं विष नव्हतं. हवेने होत होतं." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आणि सातला मी हवा पूर्ण सोडली."

मुलगी मध्येच म्हणाली, "अण्णा, काहीतरीच काय! बाई, सांगा ना त्यांना!"

तिला नाही म्हटलेलं हवं होतं. एकच शब्द. पण विचारणाऱ्याला खोटं उत्तर बाईंनी आयुष्यात दिलं नव्हतं, आणि आज दिलं असतं तर अण्णांनी ते लगेच ओळखलं असतं.

"हवा आधीपासून होतीच. ते वाचले असते असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण हवेने घाई झाली, हे खरं. आणि अण्णा, त्या सकाळी तुमच्या जागी मी असते तर मीही हवाच सोडली असती. लेकरू गुदमरताना दिसलं की खिडकीच उघडतो आपण."

अण्णांनी मान हलवली. ते रडले नाहीत. सवयीने त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, काचेवर काही नव्हतं तरी.

"उद्या शेजारच्या शहराच्या टाकीतून गाळ येतोय," मुलगी म्हणाली. "नवीन जंतू. तुम्हाला परत बोलावलंय."

"मग टाकीची नोंदवही दे."

समितीने परत केलेली वही तिने दिली. अण्णांनी मंगळवारचं पान काढलं. *सात वाजता हवा पूर्ण सोडली*, तिथे ते क्षणभर थांबले. मग पानं मागे उलटत थेट वहीच्या सुरुवातीला, कोऱ्या राहिलेल्या पहिल्या पानावर आले. आपल्या गोल अक्षरात, मोठं, सावकाश लिहू लागले.

*पाणी चहासारखं होऊ लागलं तर हवा वाढवू नये. आधी येणारं पाणी बंद करावं.*

"वर जागा सोडा ना, अण्णा," मुलगी म्हणाली. "एवढं वरती का लिहिताय?"

"वरतीच हवं," अण्णा म्हणाले, आणि वही बाईंपुढे सरकवली.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग अण्णांच्या हातातलं पेन घेऊन तिच्याखाली एक जाड रेघ ओढली.